ऑल्डरविक आणि आसपास

आमचे हे, म्हणजे निदाचे अब्बा, शौकत, बावीस वर्षं रियाधमध्ये सुतार होते. कागदावर. खरं सांगायचं तर या माणसाला भिंतीत खिळा ठोकता येत नाही. लग्नानंतर गावच्या घरात आरसा लावायला घेतला, तर खिळा वाकला, आरसा फुटला आणि यांच्या अंगठ्याला मी हळद बांधत बसले. पण शहाण्णव साली मुंबईच्या एजंटकडे सुताराचाच व्हिसा शिल्लक होता. आमच्या खाडीकाठी पोराटोरांनाही ठाऊक असतं, की सौदीला जायचं तर मिळेल तो व्हिसा घ्यायचा. गवंडी म्हणून गेलेले दुकानात बसतात, ड्रायव्हर म्हणून गेलेले फायली लिहितात. इकाम्यावर, म्हणजे तिथल्या राहण्याच्या परवान्यावर, जे छापलं ते छापलं. यांच्या इकाम्यावर छापलं होतं सुतार.

काम मात्र टूरच्या ऑफिसात. बत्हा बाजाराच्या गर्दीपासून दोन गल्ल्या सोडून अबू नासिर नावाच्या सौदीचं हे ऑफिस. तोच यांचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर यांचा व्हिसा तो मालक. उन्हाळ्यात रियाध तापलं की ऐपतवाली सौदी कुटुंबं थंड मुलखात जातात. त्यांची तिकिटं, व्हिसाचे फॉर्म, कुठे राहायचं, काय बघायचं, सगळं हे ठरवून द्यायचे. लंडनला तर सगळीच ऑफिसं पाठवत होती. यांनी एक गाव धरलं. ऑल्डरविक.

इंग्लंडात कुठेतरी डोंगराच्या पायथ्याशी चाळीस-पन्नास घरांचं गाव. सुरुवातीला एक म्हातारा गिऱ्हाईक चुकून तिथे जाऊन राहिला आणि परत येऊन ऑफिसात तासभर त्याबद्दल बोलला. बस, यांच्या डोक्यात ते शिरलं. पुढच्या उन्हाळ्यात चार कुटुंबं पाठवली, मग दहा. आणि जो कोणी परत येईल त्याला हे कहवा पाजून समोर बसवायचे आणि प्रश्न विचारून भंडावून सोडायचे. ओढ्यावरचा पूल दगडी की लाकडी? पुलापलीकडचं फाटक आत उघडतं की बाहेर? पाणचक्कीवर पीठ कुठल्या वारी दळतात? स्ट्रॉबेरी स्वतः तोडायला देतात त्या शेतातला कुत्रा चावतो का? लोक हसायचे, पण सांगायचे. कोण एवढ्या आपुलकीनं विचारतो हो?

असं करता करता यांनी सात पानांचा कागद तयार केला. वर नाव, 'ऑल्डरविक आणि आसपास : काय पाहाल, काय कराल'. एका बाजूला अरबी, एका बाजूला इंग्रजी. त्यात काय नव्हतं! बुधवारी दुकान दुपारी बारालाच बंद होतं, तेव्हा दूध आदल्या दिवशी आणा. टेकडीवर चढताना दगडी कुंपण लागेल, त्यावरून जायला लाकडी पायऱ्या आहेत, तिसरी पायरी हलते, बुरखा सांभाळून. चर्चच्या मागच्या झाडाखाली बायकांना निवांत बसता येतं, तिथे कोणी येत नाही. भाड्याच्या घरात नमाजासाठी किबला, म्हणजे मक्केची दिशा, सापडत नसेल तर स्वयंपाकघरातल्या शेगडीकडे पाठ करा आणि खिडकीच्या डाव्या कोपऱ्याकडे तोंड. हे सुद्धा यांनी होकायंत्र देऊन गिऱ्हाइकाकडून काढून आणवलं होतं.

आणि गेले किती वेळा तिथे? एकदाही नाही. रियाध आणि आमचं गाव, यापलीकडे या माणसानं दुनिया पाहिली नाही.

रियाधच्या घरी मला आणि निदाला तर या ऑल्डरविकचा कंटाळाच यायचा. शुक्रवारी जेवणं झाली, की हे सतरंजीवर मिठाची बरणी ठेवून म्हणायचे, "ही समज चर्च." मग लोणच्याची बाटली पाणचक्की, माझी ओढणी म्हणजे ओढा. "खतीजा, चल, आज टेकडीवरून जाऊ." मी म्हणायचे, "तुम्ही जा. मला भांडी पडलीत." निदा लहान होती तेव्हा बोटं चालवत टेकडी चढायची. मोठी झाल्यावर इंग्रजीत म्हणायला लागली, "अब्बा, नॉट अगेन!" पण खोटं कशाला बोलू, मलाही सगळं पाठ झालं होतं. भांडी घासता घासता मी पूल ओलांडून जायचे.

बऱ्याचदा वाटायचं, यांना एकदा ते गाव दिसू दे. या अल्ला, एवढंच. दुसरं काही मागत नव्हते हे.

मग सौदीकरणाची वर्षं आली. कुठल्या कुठल्या कामाच्या खुर्च्या सौदी माणसांनाच द्यायच्या, याचे हुकूम निघायला लागले. आज मोबाइलची दुकानं, उद्या कापडाची. अर्ध्या ओळखीचे लोक सामान बांधून गेले. आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात रोज कोणाचा तरी फ्रिज नाहीतर पलंग विकायला उतरलेला. टूरच्या ऑफिसांतही तपासणीला माणसं येऊ लागली. तपासणीवाला खाली दिसला की हे टेबलावरून उठून स्क्रू-ड्रायव्हर घेऊन कपाटाच्या दाराशी जाऊन बसायचे. सुतार ना! एकदा खरंच दार निखळून यांच्या पायावर पडलं. घरी येऊन हसत सांगत होते. मला नाही हसू आलं. मी म्हटलं, "तुमच्या जिवावर त्याचं ऑफिस चालतं आणि तुम्ही कपाटाआड लपता? लाज त्याला वाटायला हवी!"

"त्याच्या हातात काय आहे गो," म्हणाले. "त्यालाही दंड होईल."

असा माणूस. कोणावर चिडेल तर शपथ.

दोन हजार अठराच्या सुरुवातीला अबू नासिरनं यांना बोलावून सांगितलं, शौकत, सप्टेंबरपर्यंत ठेवतो, पुढे खलास. तोवर नव्या मुलीला शिकव. ती मुलगी अरवा. चोवीस-पंचवीस वर्षांची, नुकतीच शिकून आलेली, आणि यांच्या खुर्चीत बसायला आलेली. मी तिला न बघताच शिव्या घातल्या. पण हे रोज येऊन तिचं कौतुक. "पोरगी हुशार आहे. चुका विचारून विचारून सुधारते." ती यांना उस्ताद म्हणायची. एकदा घरी जेवायला आली, तांदळाची भाकरी आणि कोलंबीचं कालवण बोटं चाटून खाल्लं, आणि जाताना माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "खाला, मी त्यांची जागा घेतली, मला माफ करा." हे तिचं अरबी मला निदानं समजावून सांगितलं. आता काय शिव्या घालणार?

आणि त्याच अरवानं मालकाच्या मागे लागून ते जमवलं. विमान कंपनीकडून ऑफिसला दर वर्षी दोन तिकिटं भेट यायची, ती मालकाच्या भाच्यांना जायची. या वर्षी अरवा म्हणाली, उस्तादना द्या, खालांबरोबर आठ दिवस ऑल्डरविकला जाऊन येऊ देत, मग पाठवा हिंदुस्थानात. अबू नासिर हो म्हणाला. त्यालाही मनात कुठेतरी खात असणार. तिकिटं ऑगस्टअखेरपर्यंत चालणार होती.

हे घरी आले तेव्हा दारातच उभे राहिले. चपला काढेनात. मी म्हटलं, "काय झालं? तब्येत बरी नाही का?" तर म्हणाले, "आपण जातोय." मला कळेना कुठे. म्हणाले, "तिकडे गो. तिकडे." आणि रडायला लागले. पंचेचाळीस ओलांडलेला माणूस, दारात उभा राहून रडतोय. मी त्यांना ओढून आत घेतलं आणि मीही रडले. निदा म्हणाली, तुम्ही दोघं वेडे आहात.

आता राहिला व्हिसा. शेकडो लोकांचे फॉर्म भरलेला माणूस, याला काय अवघड? अरवा शनिवारी दुपारी लॅपटॉप घेऊन घरी आली. निदा मध्ये बसून तिचं मला आणि माझं तिला सांगायची. यांचा एक नियम होता, तो त्यांनी तिलाही शिकवला होता आणि सगळ्या गिऱ्हाइकांनाही सांगत आले होते. इकाम्यावर जे आहे तेच लिहायचं. आणि विचारलंय तेवढंच द्यायचं, एक कागद जास्त नाही. व्हिसा देणाऱ्या साहेबाला जेवढं जास्त वाचायला द्याल तेवढा तो जास्त शंका काढतो.

त्याप्रमाणे धंदा सुतार. ऑफिसचं पत्र, सुतार शौकत याला आठ दिवसांची रजा. यापूर्वी ब्रिटनला गेला आहात का? नाही. कशासाठी जाता? फिरायला. झालं. अरवा बंद करणार, एवढ्यात माझं डोकं फिरलं.

मी म्हटलं, "सुतार! तिथेसुद्धा सुतार? अहो, जन्मभर ज्या गावाचं केलंत, तिथे जातानाही तुम्ही सुतार म्हणूनच जाणार?"

"इकाम्यावर तेच आहे खतीजा."

"असू दे. तो धंदा बदलता येत नाही, कबूल. पण ती सात पानं जोडा. त्या इंग्रज साहेबाला कळू दे कोण माणूस येतोय ते. त्याच्या गावाची त्यालाही नसेल एवढी माहिती आहे तुम्हाला. बघून तोच सलाम करील."

अरवानं मान हलवली. "उस्ताद, तुम्हीच शिकवलंत, जास्त कागद नको."

"तू गप्प बस गो," मी तिला म्हटलं. "तुला काय ठाऊक बावीस वर्षं काय असतात?" आणि यांना म्हटलं, "लपूनच राहायचं असेल तर राहा त्या कपाटाआड. मला नाही यायचं मग."

असं बोलले मी. आता जीभ चावून उपयोग काय. हे उठले. मग कपाटातून ती पानं काढली, प्लॅस्टिकच्या फोल्डरमधली, कोपरे सरळ केले आणि अरवाला म्हणाले, "जोड." म्हणताना चेहऱ्यावर काय तेज होतं! मला वाटलं, बरं केलं मी. फार बरं केलं.

पुढचे चार आठवडे घरात लगीनघाई. मी यांच्यासाठी बत्ह्यातून गरम बनियन आणले, रियाधच्या उन्हाळ्यात लोकरीचं सामान शोधताना दुकानदार हसत होता. हे संध्याकाळी जुने बूट घालून बिल्डिंगभोवती चालायचे, टेकडी चढायची सवय हवी म्हणून. तापलेल्या डांबरावर! कुठल्या दिवशी काय बघायचं ते रोज बदलायचे. पहिल्या दिवशी पाणचक्की नको, म्हणायचे, पहिल्या दिवशी नुसतं पुलावर उभं राहू.

पासपोर्टांचं पाकीट आलं ते मंगळवारी. यांनी हातात घेतलं आणि निदाकडे दिलं. "तू वाच." इंग्रजी यांना तिच्यापेक्षा चांगलं येतं, पण स्वतः उघडायची हिंमत होईना. निदानं आधी मनातल्या मनात वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. "अब्बा, नहीं मिला," म्हणाली. मग माझ्यासाठी हिंदीत सांगायला लागली.

साहेबानं लिहिलं होतं, की अर्जदार सुतार आहे असं सांगतो. कधी ब्रिटनला आला नाही असंही सांगतो. मात्र सोबतच्या कागदांत या गावाची आणि परिसराची अशी बारीकसारीक माहिती आहे, की ती तिथे बराच काळ राहिलेल्या माणसालाच असू शकते. तेव्हा अर्जदारानं आपला आधीचा प्रवास लपवला आहे, किंवा त्याचा धंदा आणि येण्याचा हेतू वेगळा आहे. त्यानं खरी माहिती दिल्याची खात्री पटत नाही. पत्नीचा अर्जही त्याच कारणानं नामंजूर.

हे म्हणाले, "ते मधलं पुन्हा वाच. राहिलेल्या माणसालाच."

तिनं वाचलं.

"बघ खतीजा," मला म्हणाले, "त्याला वाटतं मी तिथे राहून आलोय." आणि हसले. खरंच हसले, खुशीनं, कोणी शाबासकी दिल्यासारखे. मला ते हसू बघवेना. मी तिथेच बसले आणि कपाळावर हात मारून घेतला. "मी केलं हे! माझ्या तोंडाला आग लागो. तुम्ही नको म्हणत होतात, ती पोरगी नको म्हणत होती. बोला मला काहीतरी. शिव्या द्या!"

"तू खरं लिहा म्हणालीस. खरंच लिहिलं आपण," म्हणाले. त्यांचं हसू तोवर विरलं होतं. उठून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडला. अर्धा तास नळ वाहत होता. मी दाराबाहेर उभी. आतून येणारा आवाज नुसता पाण्याचा नव्हता, हे मला कळत होतं आणि निदालाही.

अरवानं मात्र हार मानली नाही. दोन दिवसांनी धावत आली. अजून वेळ आहे, म्हणाली. मुद्दा एवढाच आहे की सुताराला इतकं कसं ठाऊक. नवा अर्ज करू. त्यात स्पष्टीकरण द्यायचं, की ती पानं ऑफिसमधली छापील होती, अर्जदारानं ती वाचलेलीसुद्धा नाहीत, चुकून जोडली गेली. त्याला त्या गावाबद्दल काहीही माहिती नाही. तो साधा सुतार आहे, बायकोला घेऊन आठ दिवस कुठेतरी थंड हवेत जायचं म्हणतोय. खाली सही. "ते लोक हेच बघतात उस्ताद. याने नक्की होईल."

मला तर देवदूतच घरी आल्यासारखं झालं. मी म्हटलं, "करा, करा! आत्ताच करा."

तिनं लॅपटॉप यांच्यासमोर सरकवला. स्पष्टीकरण तुमच्याच शब्दांत हवं, म्हणाली. हे टाइप करायला लागले. मी खांद्यावरून बघत होते, मला इंग्रजी येत नाही पण अक्षरं पडताना दिसत होती. एक ओळ झाली. दुसरी अर्धी झाली. मग बोटं थांबली.

"काय लिहिलंत?" मी विचारलं.

"मी सुतार आहे."

"मग पुढे?"

"पुढे लिहायचंय, मला ऑल्डरविकबद्दल काही ठाऊक नाही."

"मग लिहा की!"

हे लिहीनात. पडद्यावर ती रेघ लुकलुकत होती. अरवा हळूच म्हणाली, "उस्ताद, एकच वाक्य आहे."

"सुतार तर सुतार, त्याची सवय झाली," हे म्हणाले. "पण ठाऊक नाही असं कसं लिहू गो पोरी? तेवढंच ठाऊक आहे मला."

"अहो, खोटं तर खोटं!" मी ओरडले. मीच, जी चार आठवड्यांपूर्वी खरं लिहा म्हणून भांडले होते. "एक वाक्य खोटं लिहिलंत तर काय जाईल? पाय धरते तुमचे. पुलावर उभं राहायचंय ना तुम्हाला? लिहा!" मी खरंच पाय धरले. निदा मला उठवायला लागली. हे माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "ते वाक्य लिहून गेलो, तर तिथे जाऊन काय बघू?"

आणि लॅपटॉप मिटला. रागानं नाही, हळूच. अरवा रडत जिना उतरून गेली. ऑगस्ट संपला, आणि तिकिटं त्याच्याबरोबर.

सप्टेंबरात आम्ही गावी आलो, कायमचे. आता सव्वा वर्ष झालं. हे बरे आहेत. बाजार करतात, मशिदीच्या कमिटीत जातात, संध्याकाळी जेटीवर बसतात. निदा रत्नागिरीला कॉलेजात आहे. ऑल्डरविकचं नाव यांच्या तोंडून मी परत ऐकलं नाही, आणि काढायची माझीही छाती झाली नाही.

गेल्या महिन्यात यांच्या बहिणीची मुलगी खुर्शीद आली होती. लग्न होऊन इंग्लंडला चाललीय, नवरा तिकडे नोकरीला. पोरगी आनंदानं नुसती उड्या मारत होती. पेढे देऊन यांना सलाम केला आणि समोर बसून म्हणाली, "मामा, अम्मी सांगते तुम्हाला तिकडच्या खेड्यांची फार माहिती आहे. आम्ही सुट्टीला कुठे जायचं, काय काय बघायचं, ते सांगा ना."

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. मनात म्हटलं, सांगा हो. आता तरी सांगा. कोणी फॉर्म धरून बसलं नाही समोर.

हे तिच्याकडे बघून छान हसले. पेढ्याचा तुकडा मोडला.

"मला काय ठाऊक गो बाय," म्हणाले. "मी कुठे गेलोय तिकडे?"

खुर्शीद हिरमुसली, मग दुसरं काहीतरी बोलायला लागली. मी आत वळले आणि सकाळी घासून ठेवलेली भांडी पुन्हा काढून घासायला बसले, म्हणजे माझं रडणं बाहेर ऐकू जायला नको.